दोन मत्तींमधले घर

‘झिलूची बायको कागदाला घर दाखवायला गेली हाय,’ असे गुंद गावाच्या आसपासच्या वाड्यांवर म्हणत, आणि म्हणून झाल्यावर ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत. हसावे की नाही, हे बहुधा दोघांनाही ठरवता येत नसे. कुंभारवाड्याच्या बाजूला हीच गोष्ट थोडी वाढलेली असे. ती बाई म्हणे डोक्यावर घर घेऊन रानात हिंडते आणि सरकारी माणूस दिसला की ते खाली ठेवते. एका म्हातारीने तर मला सांगितले, की आफ्रिकेच्या सरकारने तिच्या नवऱ्याला कागदात गुंडाळून ठेवले होते आणि कागद सुटेपर्यंत त्याला जेवणसुद्धा नव्हते.

लोकांनी इतके बोलावे असे झिलूच्या बायकोत, गिरजेत, वरवर काही नव्हते. मध्यम उंची, डाव्या भुवईवर कोयत्याची जुनी खूण, बोलणे थोडे. तिच्या तोंडून प्रश्न मात्र फार निघत. खरी हकीकत मी ऐकली ती तिची नणंद गुणा हिच्याकडून. लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा होऊन गुणा भावाच्या घरी परतली होती. या साऱ्या प्रकरणात ती प्रथमपासून शेवटपर्यंत हजर होती, आणि प्रथमपासून शेवटपर्यंत तिचा त्याला विरोध होता.

गिरजेचे लग्न १९२० सालच्या वैशाखात झाले. झिलू करवतीवर काम करणारा. सागाचा ओंडका चिरताना त्याची रेघ दोऱ्यासारखी सरळ जाई. दसरा झाला आणि लाकडाचा एक ठेकेदार खानापूरच्या बाजूने आला. आफ्रिकेतल्या मोंबाशाला नेण्यासाठी त्याने आठ माणसे निवडली, त्यांत झिलू होता. पाच महिन्यांचा संसार मागे ठेवून तो गेला.

वर्षातून दोन-तीन पत्रे येत. ती बाजारातल्या विठ्ठल दुकानदाराच्या पत्त्यावर येत आणि बाजाराच्या दिवशी तोच ती वाचून दाखवी. वाचून संपले की गिरजा सुरू होई. तिथे सूर्य कोणत्या बाजूने उगवतो? भात पिकते का? तिथली माणसे आपसांत भांडतात ती कोणत्या भाषेत?

‘अगं बाई, मी वाचनारा,’ विठ्ठल म्हणे, ‘लिवनारा तिकडं हाय.’

‘मग त्येला इचारा. घ्या लिवून.’

पुढे पुढे झिलूची अर्धी पत्रे या प्रश्नांच्या उत्तरांनीच भरू लागली. एकदा त्याने वैतागून लिहिले, की एवढे सगळे लिहीत बसलो तर करवत कोण ओढणार. त्यापेक्षा तू येऊनच बघ. विठ्ठलाने ही ओळ वाचली तेव्हा दुकानात चार माणसे होती. ती हसली. गिरजा हसली नाही. ‘कसं यायाचं, ते इचारा,’ ती म्हणाली.

याचे उत्तर यायला दीड वर्ष लागले. बायकोला नेण्यासाठी झिलूला तिथे अर्ज करावा लागणार होता. तो अर्ज मुंबईला येणार, मुंबईहून कारवारला, कारवारहून महालाच्या, म्हणजे तालुक्याच्या, कचेरीत, तिथून चौकशीसाठी गावात. मग त्याच वाटेने अहवाल उलटा जायचा, आणि त्यानंतर पासपोर्ट व प्रवेशाचा परवाना. झिलूने १९२३ साली अर्ज केला. त्यात पत्नीचे नाव, वय आणि राहण्याचे ठिकाण विचारले होते. ठिकाणाच्या जागी त्याने नुसते ‘गुंद’ लिहिले असते तर ही गोष्ट सांगण्याजोगी झाली नसती. पण सरकारला फसवायचे नाही, सगळे नीट सांगायचे, या भावनेने त्याने लिहून घेणाऱ्याला अगदी बारकाईने सांगितले: गुंदच्या पुढे, ओढ्याच्या अलीकडच्या काठावर, दोन मोठ्या मत्तींच्या मधले घर. ऐनाच्या झाडाला आमच्याकडे मत्ती म्हणतात.

तो गेला तेव्हा घर तिथेच होते. पण १९२२च्या पावसाळ्यात त्या जागी तापाची साथ येऊन तीन माणसे गेली. त्यांत झिलूची आई होती. अशा वेळी काय करायचे हे आमच्या रानातल्या माणसांना विचारावे लागत नाही. देवाला कौल लावला, चुलीचे दगड उचलले, विस्तव मडक्यात घेतला आणि वाड्याची सातही घरे ओढ्यापलीकडच्या चढावर गेली. कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर. आठ-दहा दिवसांत वाडा पुन्हा उभा राहिला. आई गेल्याचे झिलूला कळवले. घर हलल्याचे कळवावे असे कोणाच्या मनातही आले नाही. त्यांच्या लेखी ती बातमीच नव्हती.

चौकशीला आलेला शिपाई बदली होऊन आलेला होता, त्या भागात नवखा. त्याला दोन मत्ती सापडल्या. मध्ये गुडघाभर रान आणि मातीत बुजलेला एक जोत्याचा कडा होता. सदर ठिकाणी घर नाही व स्त्रीही नाही, असे त्याने लिहिले. त्यात खोटे काहीच नव्हते.

हे गिरजेला कळायला पुढचे आठ महिने गेले. १९२४च्या दसऱ्यानंतर विठ्ठलाच्या दुकानी एक सरकारी कागद आला आणि तो वाचून विठ्ठलाने प्रथमच तिच्या प्रश्नाची वाट न पाहता सांगितले, ‘कचेरीत जावं लागंल.’

कचेरी एका दिवसाच्या चालीवर होती. सोबतीला वाड्याचा गावकार लखू गेला. गावकार म्हणजे वाड्याचा मुखिया. तो झिलूचा चुलता, म्हणून गिरजेने मामा म्हणावे असा. कचेरीत बाबुराव नावाचे कारकून होते. माणूस सरळ, पण कागदाबाहेर पाऊल न टाकणारा. त्यांनी प्रकरण काढले.

‘झिलूची बायको तूच?’

‘व्हय.’

‘राहतेस कुठे?’

‘वढ्याच्या पल्याड.’

‘इथे अलीकडे लिहिले आहे.’

‘तवा अल्याडच व्हतो.’

बाबुरावांनी लखूकडे पाहिले. ‘घर हलवले, हे त्याला कळवले नाही?’

लखूला हा प्रश्न खरोखरच उमगला नाही. ‘त्यात काय कळवायचं, सायेब?’ त्याने विचारले. ‘घर हाय ते. हलनारच की.’

 बाबुरावांनी जे सांगितले ते गुणाला पुढे पाठ झाले होते, इतक्या वेळा ते घरात बोलले गेले. अर्जातले ठिकाण बदलायचे तर ज्याने अर्ज केला त्यानेच बदलायला हवे. हा कागद तिकडून इथवर यायला अकरा महिने लागले. दुरुस्तीचा कागद जायला आणि यायला त्याच्या दुप्पट धरा. आणि येत्या मार्चअखेर दुसरी चौकशी होऊन अनुकूल अहवाल गेला नाही तर प्रकरण बंद. बंद झालेले प्रकरण तिकडचे लोक तीन वर्षे पुन्हा हातात घेत नाहीत.

‘दुसरी चौकशी कुटं हुईल?’ गिरजेने विचारले.

‘लिहिलेल्या जागेवर.’

‘कवा?’

‘मार्चच्या आत. दिवस सांगून येत नसतात.’

‘लिवल्याल्या जाग्यावरच?’

‘बाई, तेच पुन्हा विचारतेस. जागेवरच.’

 परतीच्या वाटेवर ओढ्यापाशी आल्यावर लखू पाण्यात उतरला, पलीकडे गेला आणि वळून पाहतो तो गिरजा अलीकडेच उभी. दोन मत्तींच्या मधल्या रानाकडे ती एखाद्या नव्या गावाकडे पाहावे तशी पाहत होती.

‘मामा,’ तिने हाक मारली, ‘कागद मोंबाशाला जाऊन यायाला दोन वर्सं. मला वढा वलांडायला किती येळ?’

लखू पाण्यातून परत आला. तिच्या मनात काय आहे हे त्याला कळले होते, आणि ते त्याला मुळीच पटले नव्हते. चूल उचललेल्या जागी पुन्हा चूल पेटवायची नाही, ही वाड्याची रीत होती. सात पावसाळे जाऊ द्यायचे. त्या जागेला तिचे रान परत द्यायचे. तिथे माणसे मेली होती, आणि त्यांना निघताना सांगितले होते की आम्ही आता इथे येणार नाही. दिलेला शब्द मोडायचा कसा?

दोन दिवस वाड्यावर दुसरा विषय नव्हता.

‘पेटवायची न्हाई म्हंता न्हवं?’ गिरजा तिसऱ्या दिवशी लखूच्या अंगणात जाऊन म्हणाली. ‘मी पेटवत न्हाई. आपल्या चुलीतला इस्तू कुटला? तिथनंच मडक्यात घालून आनलासा. मी त्यो त्येच्या जाग्यावर नेऊन ठेवते. चार म्हैन्यांनी परत आनते.’

‘हिला वकील करा कुनीतरी,’ गुणा मागून म्हणाली.

लखूने देवाला विचारायचे ठरवले. देवाच्या रानात पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर जायचे, डावी पडली तर नाही. सकाळपासून सगळे बसून राहिले. ऊन कलले तरी एकही पाकळी हलेना.

‘देव गप्प हाय,’ लखू शेवटी म्हणाला.

‘न्हाई म्हनला न्हाई,’ गिरजा म्हणाली.

‘व्हय बी म्हनला न्हाई.’

‘त्येनं दोगांतलं एक म्हनाय पायजे असं कुटं हाय? त्येला वाटलं आसंल, ही हिचं ती बगून घेईल.’

 उठताना लखूने एवढेच सांगितले, की त्या जागी वाड्यातले दुसरे कोणी राहायला जाणार नाही, आणि काम झाले की विस्तवाचा एक कणही मागे राहता कामा नये. त्याने हो म्हटले असे कोणी म्हणू शकले नसते. पण दुसऱ्या दिवशी त्याने आपला कोयता धार लावून तिच्या दारात ठेवला.

भाताची कापणी उरकल्यावर कार्तिकात तिने रान साफ केले. जुन्या मेढी, म्हणजे घराचे खांब, ज्यांत रोवल्या होत्या ती भोके पाचोळ्याखाली बुजली होती. काठीने टोचून टोचून तिने ती एकेक शोधून काढली आणि नव्या मेढी त्याच भोकांत उभ्या केल्या. ‘जवळपास कुटंबी रोव की,’ गुणा म्हणाली. ‘कागद काय फूटपट्टी घेऊन येनार हाय?’ पण गिरजेला ते घर झिलूने सोडले त्याच जागी हवे होते. दोन मत्तींच्या मधले म्हणजे मधलेच. कूड विणला, शेणमातीने लिंपला, वर गवत घातले. आठव्या दिवशी मडक्यातला विस्तव ओढ्यापलीकडून अलीकडे आला. गुणा काठावर उभी राहून ओरडली, ‘मोंबाशाला जाताना बी आसंच सगळं डोक्यावर घिऊन जा! तिकडं तरी कशाला दुसरं घर?’

वाड्यातले दुसरे कोणी तिथे राहणार नाही, ही अट गुणाने वीस दिवस पाळली. एकविसाव्या दिवशी ती आपली वाकळ घेऊन आली. मी राहायला आले नाही, निजायला आले आहे, असे तिने लखूला सांगितले. 

हे दिवस कसे गेले असतील याचे मला नेहमी कुतूहल वाटत आले. वाट पाहणारा माणूस सहसा रस्त्याकडे पाहतो. तिथे रस्ताच नव्हता. चौकशी कोणत्या दिवशी येईल, कोणत्या बाजूने येईल, माणूस कसा असेल, काहीच माहीत नाही. म्हणून तिने जागा सोडायचीच नाही असे ठरवले. चार महिने ती बाजाराला गेली नाही. पलीकडे वाड्यावर एक लग्न झाले, त्याची वाजंत्री तिने अलीकडून ऐकली. जमिनीतले कणगीचे कंद उकरून खाल्ले, अंगणात मिरची आणि वाल लावले, दोन कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. गुणा सांगे, की या काळात गिरजा उदास नव्हती. उलट, कागदाविषयी तिच्या प्रश्नांना अंत नव्हता. आता तो कुठे असेल? रात्री कागद कुठे ठेवतात? एक कागद वाचायला साहेबाला किती वेळ लागतो, आणि मग तो आठ महिने काय करत असतो?

पौषात एक खाकी कपड्यातला माणूस आला. गिरजेने त्याला घोंगडी अंथरून दिली, आंबील दिली, आणि घर कधी हलले, का हलले, पुन्हा कसे बांधले, सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग भिंतीकडे पाहत विचारले, ‘बांबू किती तोडलेस?’ तो जंगल खात्याचा गार्ड होता. जाताना तो एक कोंबडी घेऊन गेला.

‘त्येला सगळी कथा कशाला सांगायची?’ गुणा दिवसभर म्हणत राहिली.

‘मला वाटलं, कागदवाला.’

‘कागदवाल्याला तरी खरं सांगनार हायेस व्हय? त्येला सांग, मी हितंच ऱ्हायले, कवा हललेच न्हाई.’

गिरजा उरलेल्या कोंबडीला दाणे टाकत राहिली. गुणाला वाटले, पटले असावे.

फेब्रुवारी गेला. मार्चचे पहिले दहा दिवस गेले. गुणाने आता थट्टा सोडली होती, आणि त्यामुळे गिरजा अधिक अस्वस्थ होई. बाराव्या-तेराव्या दिवशी, ऊन नुकते अंगणात आले असताना, ओढ्याच्या वरच्या अंगाने दोन माणसे उतरली. पुढे शिपाई आणि मागे, छत्री बगलेत धरून, बाबुराव स्वतः. शिपाई गेल्या वर्षीचाच होता. मत्तींपाशी येऊन तो थबकला.

‘सायेब, हितं काई बी न्हवतं,’ तो म्हणाला. ‘देवाशपथ सांगतो, रान व्हतं.’

‘रानच व्हतं,’ गिरजा दारातून म्हणाली. ‘त्येंनी खोटं लिवलं न्हाई.’

बाबुरावांनी तिला ओळखले. त्यांनी मत्ती पाहिल्या, घराभोवती एक फेरी मारली, कूड बोटाने दाबून पाहिला. मग कचेरीतल्याच आवाजात म्हणाले, ‘हे घर चौकशीसाठी उभे केले आहेस.’

गुणाने मागून गिरजेच्या पदराला ओढ दिली.

‘व्हय,’ गिरजा म्हणाली.

गुणाने कपाळावर हात मारला.

‘मग मी काय लिहू?’

‘कागदात काय इचारलंय?’

त्यांनी तो उघडून वाचला. ‘सदर ठिकाणी अर्जदाराचे घर आहे काय, व त्यात त्याची पत्नी राहते काय.’

‘मग बगा की. हाय का न्हाई?’

‘घर दिसते आहे. राहतेस की आज येऊन बसली आहेस, ते पाहायला हवे.’

बाबुराव वाकून आत शिरले. आत चूल होती, पाण्याची घागर होती, दोरीवर लुगडे वाळत होते. हे सारे एका दिवसात मांडता येते, आणि ते त्यांना ठाऊक असावे, कारण त्यांनी त्याकडे फारसे पाहिले नाही. कोपऱ्यातल्या पाटीत एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. ती त्यांच्याकडे रागाने पाहत होती, पण उठली नाही. बाबुराव तिच्यासमोर उकिडवे बसले.

‘कधी बसवलीस?’

‘शिवरात्रीच्या आदल्या दिशी.’

त्यांनी एक अंडे हलकेच उचलून कानाशी धरले. कोंबडीने त्यांच्या मनगटाला चोच मारली तरी त्यांनी ते लगेच खाली ठेवले नाही. त्यांचेही लहानपण कोणत्यातरी खेड्यात गेले असणार. नवख्या, कालपरवा मांडलेल्या घरात कोंबडी अशी बसत नाही. तिला माणसांची ये-जा, चुलीचा धूर, कोपऱ्यातला काळोख, सगळे सवयीचे व्हावे लागते. अंड्याच्या आतून बारीक टोचल्याचा आवाज येत होता. ‘आज-उद्या फुटतील,’ ते म्हणाले, आणि अंडे जागच्या जागी ठेवून बाहेर आले.

अंगणात बसून, गुडघ्यावर कागद धरून, त्यांनी लिहिले: घर आहे. पत्नी राहते. लिहिलेले त्यांनी मोठ्याने वाचून दाखवले, शिपायाची सही घेतली, स्वतःची केली, गिरजेचा अंगठा घेतला. त्या कागदाला परवाना घेऊन परत यायला पुढचे सात महिने लागले. पण गुणा सांगे, की गिरजेची वाट पाहणे त्या सकाळीच संपले होते.

कागद घडी घालून पिशवीत गेल्यावर बाबुराव उठले नाहीत. गुणाने दिलेले पाणी आणि गुळाचा खडा त्यांनी घेतला. मग, जणू आता कारकून नसल्यासारखे, त्यांनी विचारले, ‘नवऱ्याबरोबर किती दिवस संसार झाला तुझा?’

‘पाच म्हैने.’

‘आणि जाऊन त्याला झाली साडेचार वर्षे. तिथे बंदरावर शंभर माणसे उभी असतील. ओळखशील का त्याला?’

गिरजेने त्यांच्याकडे पाहिले. इतका साधा प्रश्न विचारायला या माणसाला एवढा वेळ का लागला, असा भाव तिच्या चेहऱ्यावर होता, असे गुणा सांगे.

‘वळखते का न्हाई,’ ती म्हणाली, ‘त्येच बगाय तर जायाचं हाय.’